नवव्या मजल्यावरचे पाच कॉलम : एका टॉवरचं काम ४७ दिवस का थांबलं

पार्श्वभूमी

पुणे परिसरातला एक रहिवासी टॉवर, खाली दोन मजले पोडियम पार्किंग आणि वर २२ मजले. नावं आणि ओळख पटेल अशा गोष्टी काढून टाकल्यात. मी तिथे बिल्डरने नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या टीममधे क्वालिटीचं बघत होतो. म्हणजे ठेकेदार काम करणार, स्ट्रक्चरल कन्सल्टंट डिझाइन देणार, काँक्रीट बाहेरच्या आरएमसी प्लँटमधून (तयार काँक्रीट गाडीने पाठवणारा कारखाना) येणार आणि हे सगळं ड्रॉइंगप्रमाणे, कोडप्रमाणे म्हणजे आयएस मानकांप्रमाणे होतंय का ते आम्ही बघायचं. कॉलम आणि लिफ्टच्या भिंतींना एम ४० ग्रेडचं काँक्रीट (म्हणजे चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकद), स्लॅब-बीमला एम ३०, आणि साधारण १४ दिवसांना एक स्लॅब असा वेग.

हा १४ दिवसांचा वेग लक्षात ठेवा, पुढचा गुंता तिथूनच आहे. काँक्रीटची ताकद त्याच मालाचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून ते मशीनवर फोडून कळते आणि ग्रेडचा आकडा असतो २८ दिवसांचा. म्हणजे नवव्या मजल्यावरच्या कॉलमचा निकाल हातात येईपर्यंत त्यांच्या डोक्यावर दोन स्लॅब बसलेले असतात आणि तिसऱ्याचं शटरिंग सुरू झालेलं असतं.

आणि बघणारं कोण असतं हेही सांगतो, कारण फ्लॅट घेणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं की एवढा उंच टॉवर म्हणजे पालिकेचा इंजिनिअर दर मजल्याला येऊन तपासत असेल. तसं नसतं. आधी बांधकाम परवानगी, मग जोत्याची तपासणी, आणि थेट शेवटी भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. जोतं ते ओसी या मधल्या दोन-तीन वर्षांत रोजची जबाबदारी लायसन्सवाल्या आर्किटेक्ट-इंजिनिअरवर, स्ट्रक्चरल इंजिनिअरवर आणि साइटच्या देखरेखीवर टाकलेली असते. शेवटी फाइलला स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं, पण कुठल्या रात्री कुठल्या गाडीतून काय माल उतरला हे बघायला तो माणूस तिथे नसतो. तिथे कोण असतं तर सहा-आठ महिने अनुभव असलेली ज्युनिअर पोरं.

त्या संध्याकाळी काय झालं

नवव्या मजल्यावरचे कॉलम आणि लिफ्टची भिंत मिळून ३४ घनमीटर, म्हणजे ६ गाड्या. भरायचं ठरलं होतं दुपारी दोनला. सळईचं चेकिंग लांबलं, दोन कॉलमच्या रिंगा जॉइंटजवळ विरळ बांधलेल्या होत्या त्या परत बांधायला लावल्या, त्यात पहिली गाडी लागायला साडेचार वाजले. तीन गाड्या नीट गेल्या. मग ऑफिसं सुटायची वेळ झाली आणि पुढच्या गाड्या रस्त्यात अडकल्या.

पाचव्या गाडीच्या चलनावर प्लँटमधे माल भरल्याची वेळ होती ५:४०. गेटवर आली ७:५० ला. पंपाच्या हॉपरला लागेपर्यंत ८:२५. आरएमसीचा जो कोड आहे, आयएस ४९२६, त्यात माल भरल्यापासून दोन तासांत उतरवून व्हायला हवा असं आहे, जास्त वेळ हवा असेल तर रिटार्डर (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून घालायचं रसायन) वगैरे घालून तसं आधी ठरवून घ्यायचं असतं. आमचं असं काही ठरलेलं नव्हतं. माल अर्थातच घट्ट झालेला, पंप ओढेना. ड्रायव्हरने काय केलं तर गाडीच्या मागची पाण्याची टाकी असते, खरं म्हणजे ड्रम आणि चुट धुवायची, तिचा पाईप ड्रममधे सोडला आणि ड्रम जोरात फिरवला.

साइटवर तेव्हा आमची ज्युनिअर इंजिनिअर होती. तिने बघितलं, जाऊन थांबवायला सांगितलं. पंपवाला म्हणाला, "मॅडम, पाईप चोक झाला तर रात्रभर खोलत बसावं लागेल, दोन मिनिटं द्या." तिने मला फोन केला. मी साइटवर नव्हतो, घरी निघालो होतो. मी म्हणालो, स्लम्प (माल किती पातळ आहे त्याची कोनाने करायची चाचणी) घे, रजिस्टरला लिही आणि त्या गाडीचे वेगळे क्यूब भरून ठेव. "गाडी परत पाठव" असं मी म्हणालो नाही, आणि तिला स्वतःहून गाडी परत पाठवायचा अधिकार आम्ही दिलेलाच नव्हता.

तिने स्लम्प घेतला. हवा होता १२० ते १५० मिलिमीटर. कोन उचलला आणि माल पत्र्यावर थापलेल्या भाकरीसारखा पसरला, कडेने राखाडी पाणी सुटलं. तिने फोटो काढला, चार बोटांएवढ्या अक्षरात रजिस्टरला "गाडी ५, स्लम्प कोलॅप्स, साइटवर पाणी मिसळले" लिहिलं आणि सहा क्यूब भरले. चलनावर "साइटवर घातलेलं पाणी" म्हणून एक रकाना असतो, तो मात्र ड्रायव्हरने कोरा ठेवला आणि खाली ठेकेदाराच्या सुपरवायझरने सही करून टाकली. गाडी रिकामी झाली, माल कॉलममधे गेला.

इथे अजून एक चूक आधीपासून होती. आयएस ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला किमान चार सॅम्पल घ्यायला पाहिजेत. आमच्या साइटवर सवय पडली होती की पहिल्या गाडीचं एक सॅम्पल घ्यायचं आणि झालं. पहिली गाडी नेहमी चांगलीच असते, प्लँटवाल्यालाही माहीत असतं की त्याच गाडीचे क्यूब भरणार आहेत. तिने पाचव्या गाडीचं सॅम्पल घेतलं नसतं तर आजही त्या कॉलमबद्दल कुणालाच काही कळलं नसतं.

सातवा दिवस

सात दिवसांनी दोन्ही सॅम्पलचे तीन-तीन क्यूब फोडले. पहिल्या गाडीचे सरासरी २९, त्या प्लँटच्या एम ४० ला नेहमी येतात तेवढे. पाचव्या गाडीचे २०.४.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा, म्हणजे दहावा स्लॅब टाकायचा होता. सळई बांधून तयार, इलेक्ट्रिकचे पाईप टाकून झालेले, पंप बुक केलेला. मीटिंग झाली ती उभ्याउभ्याच. ठेकेदाराचं म्हणणं, फ्लाय अ‍ॅशवाला (कोळशाच्या वीज केंद्रातली राख मिसळलेला) माल आहे, सुरुवातीला हळू चढतो, २८ ला येईल. प्लँटच्या माणसाचंही तेच. फ्लाय अ‍ॅशने ताकद हळू चढते हे खरंच आहे, पण पहिल्या गाडीत तीच फ्लाय अ‍ॅश होती, तेच मिक्स होतं, त्याचे २९ आले होते. हा प्रश्न मी त्या मीटिंगमधे विचारायला हवा होता. कोडमधे सात दिवसांचा आकडा पास-नापास ठरवायला नसतो, तो अंदाजासाठी असतो, या एका वाक्याच्या आधाराने मी स्लॅबच्या चेकलिस्टवर सही केली आणि शेऱ्यात लिहिलं "२८ दिवसांच्या निकालावर अवलंबून".

माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच. त्या दिवशी कॉलमच्या डोक्यावर काहीच नव्हतं. फक्त शटरिंग आणि सळई. खराब कॉलम फोडून परत भरायला फार तर एक-दीड आठवडा गेला असता.

अठ्ठाविसावा दिवस

त्या दिवशी लॅबमधे मी स्वतः उभा राहिलो. क्यूब १५० मिलिमीटरचा, एम ४० म्हणजे मशीनवर ९०० किलोन्यूटनपर्यंत आकडा जायला पाहिजे. पहिला क्यूब लावला, आकडा चढत गेला, सहाशे, साडेसहाशे, ७०२ वर थांबला आणि मागे यायला लागला. बाजूचे पापुद्रे सुटून मधे डमरूसारखा आकार राहिला होता, म्हणजे क्यूब नीट फुटला होता, टेस्टिंगची चूक म्हणायला जागा नव्हती. दुसरा ७३३, तिसरा ६८४. सरासरी ताकद ३१.४. कोड म्हणतो की एकही सॅम्पल ग्रेडच्या आकड्यापेक्षा ३ ने जास्त खाली जाता कामा नये, म्हणजे ३७ तरी हवेत. मागचा हिशोब करून बघितला तर एवढं खाली यायला त्या सहा घनमीटरच्या गाडीत दोनशे-अडीचशे लिटर पाणी गेलं असणार.

तोपर्यंत दहावा आणि अकरावा स्लॅब झालेला, अकराव्याच्या वरचे कॉलम भरलेले, बाराव्याचं सेंटरिंग अर्ध्यावर.

आणि दुसरा धक्का म्हणजे ती गाडी नक्की कुठल्या कॉलममधे गेली हे सांगता येईना. रजिस्टरमधे गाड्यांच्या वेळा होत्या, कॉलमचे नंबर होते, पण गाडी आणि कॉलम यांची जोडी कुठे लिहिलेली नव्हती. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला जिन्याच्या बाजूने सुरुवात केली होती, पंपवाला म्हणाला लिफ्टकडून. १८ कॉलम आणि एक लिफ्टची भिंत, सगळंच संशयात.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय, जो सगळ्यांना हवा होता, तो म्हणजे ५६ दिवस थांबून बघू आणि तोवर काम चालू ठेवू. यात वाईट काय तर दर १४ दिवसांना एक स्लॅब चढत जाणार, आणि ५६ ला पण कमी आलं तर दुरुस्ती दोन मजले अजून अवघड. शिवाय ५६ दिवसांचे क्यूब भरलेलेच नव्हते, मग बघणार काय.

दुसरा पर्याय कुणीतरी दबक्या आवाजात मांडला की टँकमधे दुसऱ्या कॉलमचे चांगले क्यूब आहेत, ते या नंबरने फोडून रिपोर्ट लावू. मी तिथेच सांगितलं की असा रिपोर्ट निघाला तर मी राजीनामा देईन आणि खरे तीन आकडे कन्सल्टंटला मेल झालेत. मेल खरंच झाला होता, लॅबमधूनच मोबाइलवरून पाठवला होता, आणि त्याच्यामुळेच पुढचं बरंच काही वाचलं असं मला वाटतं. आकडा एकदा चार जणांच्या मेलमधे गेला की तो बदलायची हिंमत होत नाही.

तिसरा, लोड टेस्ट. स्लॅब-बीमला वजन ठेवून वाकतोय किती ते बघता येतं, कॉलमला तसं करण्यात अर्थ नाही, कोड पण अशा भागांसाठी हिशोबाने तपासा असंच सांगतो.

चौथा, आधी हातोडी आणि अल्ट्रासॉनिकने (दोन्ही न फोडता करायच्या चाचण्या) सगळे कॉलम चाळून घ्यायचे, संशयित सापडले की त्यातून कोअर (ड्रिलने कापलेला गोल नमुना) काढायचे, आणि खरी ताकद कळली की डिझाइन परत तपासून ठरवायचं की चालेल, जॅकेटिंग (भोवती नवीन थर) करायचं, की टेकू देऊन कॉलम फोडून नवा करायचा. हाच रस्ता धरला. पण खरा वाद यावर नव्हताच. वाद होता की हे सगळं होईपर्यंत बारावा स्लॅब टाकायचा की नाही.

काम थांबवायचा निर्णय

इमारत त्या दिवशी पडणार नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. ते कॉलम २२ मजल्यांच्या वजनासाठी डिझाइन केलेले आणि त्यांच्यावर तेव्हा दोन स्लॅब, त्यामुळे "आज काय धोका आहे?" या बिल्डरच्या प्रश्नाला "आज नाही" हेच खरं उत्तर होतं. याच उत्तरामुळे थांबवणं अवघड जातं. फ्लॅटवाल्यांचं पेमेंट स्लॅबप्रमाणे, बँका कर्जाचा हप्ता स्लॅबप्रमाणे सोडतात, स्लॅब थांबला की पैसा थांबला. लेबर परत गेलं की लवकर मिळत नाही. हे सगळं खोटं नव्हतं.

कन्सल्टंट वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांनी मीटिंगमधे एवढंच विचारलं की बारावा टाकून नंतर कॉलम फोडायचा झाला तर वरच्या तीन स्लॅबचं वजन टेकूवर घ्यायची जबाबदारी कोण लेखी घेतो. कुणी बोललं नाही. मग त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र दिलं की पुढची सूचना येईपर्यंत वरती काँक्रीट टाकू नये, टाकल्यास मी या इमारतीच्या कुठल्याही सर्टिफिकेटवर सही करणार नाही. रेराच्या खात्यातून पैसे काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांची सर्टिफिकेटं लागतात, आणि ओसीला स्टॅबिलिटी सर्टिफिकेट. त्या एका वाक्यापुढे बिल्डरकडे बोलायला काही उरलं नाही. काम थांबलं.

पालिकेला कळवायचं का यावर मात्र आम्ही कच खाल्ली. बिल्डर म्हणाला आधी तपासणी होऊ द्या, उगाच स्टॉपवर्कची नोटीस आली तर सगळ्या बाजारात नाव जाईल. कन्सल्टंटनी पत्राची प्रत तयार ठेवली पण पाठवली नाही. शेवटी पाठवली ती दुरुस्तीच्या ड्रॉइंगबरोबर, तीन आठवड्यांनी. तिथून एक डेप्युटी इंजिनिअर आले, तासभर थांबले, कोअरचे रिपोर्ट आणि टेकूचा हिशोब मागितला आणि दुरुस्ती झाल्यावर पूर्ण फाइल द्या म्हणाले. काहीच आरडाओरडा झाला नाही. पहिल्या दिवशी कळवलं असतं तरी हेच झालं असतं, आणि आमची बाजू जास्त स्वच्छ राहिली असती.

तपासणीत काय निघालं

हातोडी आणि अल्ट्रासॉनिकमधे पाच कॉलम बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसले, पाचही टॉवरच्या पश्चिम बाजूला एका ओळीत. सहा घनमीटरची गाडी साधारण पाच कॉलमना पुरते, त्यामुळे गणित जुळलं. प्रत्येकातून ७५ मिलिमीटरचा एकेक कोअर काढला, आधी मशीनने सळई कुठे आहे ते शोधून, नाहीतर कोअर काढताना उभी सळईच कापली जाते. कोअर हातात घेतला की फरक डोळ्यांना दिसत होता. चांगल्या कॉलमचा कोअर गुळगुळीत, खडी आणि सिमेंट एकजीव. या पाचातल्या एकाला खडीच्या खाली बारीक बारीक पोकळ्या, पाणी वर चढताना खडीखाली अडकून राहिलं की राहतात तशा, आणि नख जोरात ओढलं की पांढरी पूड निघायची.

क्यूबच्या हिशोबात आकडे आले २८.९, ३०.६, ३१.८, ३२.४ आणि ३३.१, सरासरी ३१.४. कोअरसाठी कोड बऱ्यापैकी सवलत देतो, सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के म्हणजे ३४ चालते आणि एकही ७५ टक्क्यांच्या म्हणजे ३० च्या खाली नको. दोन्हीत नापास. बाकीच्यांपैकी तीन कॉलममधून काढलेले ४१.२, ४३ आणि ३९.६, म्हणजे ते व्यवस्थित.

डिझाइन परत चालवलं. साध्या वजनाला पाचही निघत होते, पण भूकंपाचं लोड घेतलं (डिझाइनच्या कोडप्रमाणे पुणे झोन ३, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात) की तीन कॉलम कमी पडत होते. उरलेले दोन कागदावर पास. इथे परत एक छोटा वाद झाला, दोन सोडून देऊ म्हणून. कन्सल्टंट म्हणाले, एका कॉलममधून एकच कोअर काढलाय, त्याच्या वर-खाली काय आहे ते आपल्याला दिसत नाही, पाचही करायचे. ते मला पटलं.

दुरुस्ती

जॅकेटिंग म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवीन सळई आणि नवीन काँक्रीटचा थर, जागेवर ओतायचा तर किमान १०० मिलिमीटर, आणि नव्याची ताकद जुन्यापेक्षा जास्त. नवव्या, आठव्या आणि सातव्या मजल्यावर टेकू दिले, एका वेळी एकच कॉलम हातात घ्यायचा असं ठरलं. पृष्ठभाग टाचून खडबडीत केला, इपॉक्सीने डॉवेल (जुनं आणि नवं काँक्रीट जोडणारे सळईचे तुकडे) बसवले, उभ्या सळया वरच्या आणि खालच्या स्लॅबला भोकं पाडून पुढे नेल्या आणि मायक्रो-काँक्रीट ओतलं. चार कॉलमना हे सरळ झालं.

पाचवा जिन्याच्या लँडिंगला लागून होता. चारही बाजूंनी १०० मिलिमीटर वाढवला तर लँडिंगची रुंदी मंजूर नकाशापेक्षा कमी होत होती. ठेकेदाराने सुचवलं की चार इंचांनी काय होतंय, एकाच मजल्यावर तर आहे. पण आग लागली की वरच्या तेरा मजल्यांची माणसं त्याच जिन्याने खाली येणार, आणि गर्दी अडते ती सगळ्यात अरुंद जागेवर. एक सेफ्टी दुरुस्त करताना दुसरी मोडायची नाही यावर आम्ही ठाम राहिलो. कार्बन फायबर गुंडाळायचा विचार झाला, तो जाडीला काही मिलिमीटरच असतो, पण लांबट आयताकृती कॉलमला त्याचा फायदा कमी आणि आगीत त्याला वेगळं संरक्षण द्यावं लागतं. शेवटी तीन बाजूंनी जॅकेट, आरपार बोल्ट घालून बांधलेलं, जिन्याकडची बाजू तशीच ठेवून फ्लॅटच्या आतल्या बाजूला १५० मिलिमीटर वाढवलं.

म्हणजे तो फ्लॅट आत सहा इंचांनी दबला, आणि तो विकलेला होता. घेणारे रिटायर झालेले काका, बायको आणि ते असे दोघंच राहणार होते. बिल्डरच्या सेल्स टीमला वाटत होतं की पझेशनला बघू. पण रेराच्या कलम १४ प्रमाणे त्यांच्या घराच्या मंजूर आराखड्यात फरक करायचा तर त्यांची संमती लागते, आणि त्यापेक्षा सरळ गोष्ट म्हणजे त्या माणसाला आपल्या खोलीत कॉलम का जाड झाला हे कळायलाच हवं. काकांना साइटवर बोलावलं. ते कन्सल्टंटशी पाऊण तास बोलले, कोअर हातात घेऊन बघितला. जागेचं त्यांनी फार ताणलं नाही, पैसे कमी करून घेतले आणि कोअरचा रिपोर्ट अ‍ॅग्रीमेंटला जोडून मागितला. जाताना त्यांनी विचारलं, "हा सापडला तो त्या मुलीने क्यूब भरले म्हणून. मग खालच्या आठ मजल्यांचं काय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा आठवडा आम्ही खालच्या सगळ्या मजल्यांचे कॉलम हातोडीने तपासले, जिथे शंका वाटली तिथे अल्ट्रासॉनिक केलं. ताकदीत काही निघालं नाही, लिफ्टच्या भिंतीत एका ठिकाणी हनीकॉम्ब (पोळ्यासारख्या पोकळ्यांचा भाग) निघाला तो भरून घेतला. पण रजिस्टर चाळताना कळलं की एकाही मजल्याला कोडएवढे सॅम्पल घेतलेले नव्हते. हे माझ्या टीमचं काम होतं.

शेवटी काय झालं

काम ४७ दिवसांनी परत सुरू झालं. खर्चावरून ठेकेदार आणि आरएमसीवाला यांच्यात बरेच दिवस पत्रापत्री चालली, चलनाचा तो कोरा रकाना दोघांनी आपापल्या बाजूने वापरला, शेवटी वाटून घेतला. त्यात मी फार शिरत नाही.

नियम बदलले ते असे. प्रत्येक गाडीचा स्लम्प, नुसता पहिल्या गाडीचा नाही. माल भरल्याची वेळ गेटवर वॉचमन मोठ्या आकड्यात गाडीच्या काचेवर खडूने लिहिणार, दोन तास उलटले की गाडी पंपाला लागणार नाही. माल घट्ट वाटला तर पाणी अजिबात नाही, प्लँटचा टेक्निशियन येऊन मोजून अ‍ॅडमिक्स्चर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घालणार आणि चलनावर लिहिणार. कॉलमच्या शटरवर गाडीचा नंबर खडूने, त्याचा फोटो, मग रजिस्टर. कॉलम भरायची वेळ सकाळी सात. सात दिवसांचा आकडा ग्रेडच्या ६५ टक्क्यांच्या खाली आला तर वरचा स्लॅब थांबणार, कुणाला विचारायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे गाडी परत पाठवायचा अधिकार पंपाजवळ उभ्या असलेल्या ज्युनिअर इंजिनिअरला, लेखी, बिल्डरच्या सहीने, आणि तो निर्णय फोनवरून कुणीही फिरवायचा नाही, मीसुद्धा.

पहिली गाडी परत गेली ती नियम झाल्यावर चौथ्याच दिवशी, त्याच मुलीच्या हातून. प्रोजेक्ट मॅनेजर माझ्यावर ओरडला, पंप दोन तास उभा राहिला, संध्याकाळी दोन कॉलम कमी भरले. पहिल्या महिन्यात तीन गाड्या परत गेल्या, त्यानंतरच्या दोन महिन्यांत एक. प्लँटला कळलं की इथे चालत नाही, मग गाड्या वेळेत यायला लागल्या. रस्ता तोच, ट्रॅफिक तेच.

आता मागे वळून बघताना

सातव्या दिवशीचं वर लिहिलंच आहे. त्याआधीचा क्षण म्हणजे तो फोन. मी "लिहून ठेव" म्हणालो आणि मला तेव्हा खरंच वाटलं की मी जबाबदारीने वागलो. रजिस्टरला लिहिल्याने कॉलममधलं पाणी कमी होत नाही. साइटवर आपण फार गोष्टी अशा "नोंद करून" पुढे ढकलतो, आणि ज्या पोरांना नोंद करायला लावतो त्यांना पगार, अनुभव, आवाज सगळ्यात खाली ठेवतो.

मुंब्र्यात ४ एप्रिल २०१३ ला इमारत पडली, ७४ माणसं गेली, वरचं बांधकाम चालू आणि खाली कुटुंबं राहायला आलेली. ती बेकायदा होती म्हणून आपण तिला वेगळ्या खात्यात टाकतो. पण गुरुग्रामला फेब्रुवारी २०२२ मधे ज्या टॉवरमधले फ्लॅट एकावर एक कोसळले, दोन बायका गेल्या, तो परवानगीवाला होता, लोक काही वर्षं राहत होते, आणि काँक्रीटमधल्या क्लोराइडने सळई गंजल्याचं आयआयटी दिल्लीच्या तपासणीत नंतर कळलं. आमच्या पाच कॉलमवर प्लास्टर, पुट्टी, रंग चढला असता तर त्यांचंही कुणाला दिसलं नसतं.

अजून एक गोष्ट मी वेगळी केली असती. सॅम्पल कुठल्या गाडीचं घ्यायचं हे ठेकेदार किंवा प्लँटला आधी माहीत असू नये. आता आम्ही कॉलम भरायला सुरुवात करताना चिठ्ठ्या काढतो, सहा गाड्या असतील तर चार नंबर निघतात, ते ज्युनिअरच्या खिशात राहतात. क्यूबवर नंबर आणि तारीख ओला असतानाच कोरायची, नंतर मार्करने नाही. क्यूब लॅबला जाताना आमचा माणूस बरोबर.

पालिकेच्या पातळीवर मला एवढंच वाटतं की जोतं आणि ओसी यांच्यामधे किमान दोन-तीन टप्प्यांवर तिसऱ्या, बिल्डरने न नेमलेल्या लॅबने न सांगता येऊन क्यूब भरावेत, आणि निकाल फ्लॅटवाल्यांना बघता यावेत. आमच्या प्रकरणात थांबवणारे दोघं, कन्सल्टंट आणि मी, दोघांचाही पगार बिल्डरकडूनच येत होता. कन्सल्टंट तसे नसते तर बारावा स्लॅब त्याच आठवड्यात झाला असता.

टॉवरचा बाविसावा स्लॅब होऊन आता प्लास्टर चालू आहे. ती मुलगी आता दुसऱ्या साइटवर क्वालिटीची इनचार्ज आहे. काकांच्या फ्लॅटमधल्या कॉलमवर कोअरचं भोक भरलेलं होतं तिथे त्यांनी प्लास्टरच्या आधी येऊन मोबाइलवर फोटो काढून घेतला, आणि सोसायटी झाली की दुरुस्तीची ड्रॉइंग आणि सगळे रिपोर्ट सोसायटीच्या कपाटात राहतील असं बिल्डरकडून लिहून घेतलंय. पुढे कधी कुणी तिथे ड्रिल मारायला घेतलं तर त्यांना माहीत असेल की आत काय आहे.